नवरे कधी येणार?

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यंदा वाण काय लुटायचं, या प्रश्नाने हेमाताई टिपणिसांची डिसेंबरपासून झोप उडाली होती. गेल्या वर्षी त्यांनी स्टीलच्या गाळण्या लुटल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या मालनताईंचा फोन आला. "हेमा, गाळणी छान हो. फक्त चहाबरोबर पावडरही खाली उतरते." मालनताई सोसायटीच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा. त्यांनी एखाद्या वाणाला एकदा नाव ठेवलं, की अख्ख्या वर्तकनगरात ते त्याच नावाने ओळखलं जातं. हेमाताई वर्षभर 'गाळणीवाल्या' होऊन राहिल्या होत्या.

म्हणून यंदा असं वाण हवं होतं, की ज्यात गळण्यासारखं काही नसेल आणि जे कपाटातही साचणार नाही. उत्तर मिळालं ते टेंभी नाक्याजवळ, रिक्षात बसल्या बसल्या. सिग्नलला रिक्षा थांबली आणि समोर सिनेमाचं भलंमोठं होर्डिंग दिसलं, 'चला, मांडव घालू'. त्यावर दोन नवऱ्या. दोघी नऊवारीत, दोघींच्या कपाळाला मुंडावळ्या, दोघींच्या हातांत हिरवा चुडा, आणि अशा काही खुदखुदत होत्या की हेमाताईंनाही हसू आलं. मागे मांडव, पंगत, मावश्या, आत्या. नवरदेव कुठे आहेत ते शोधेपर्यंत सिग्नल सुटला.

पण नवरदेवांची काय एवढी चिंता? दोन नवऱ्या म्हणजे दोन बहिणी, नाहीतर दोन जिवलग मैत्रिणी, आणि एकाच मांडवात दोघींचं लग्न. हॉल एकदाच, आचारी एकदाच, भटजी एकदाच. आमच्याकडच्या कुठल्याही घरात त्या चित्राचा याहून वेगळा अर्थ निघाला नसता. शिवाय हेमाताईंच्या मनात नेमका असाच मांडव दोन महिन्यांपासून उभा होता.

त्यांची मुलगी श्रिया डोंबिवलीच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट. तिची मैत्रीण संचिता आंबिवलीची, मेट्रोच्या कामावर सर्व्हेअर. दोन वर्षांपूर्वी खांदा आखडला म्हणून संचिता दवाखान्यात गेली. खांदा तीन आठवड्यांत सुटला, संचिता काही सुटली नाही. दर रविवारी ती टिपणिसांकडे जेवायला असे. आल्या आल्या बिघडलेला मिक्सर नाहीतर पंखा उघडून बसे, आणि एरवी घरातली काडी न हलवणारी श्रिया त्या दिवशी स्वतःच्या हाताने वांगं भाजायला घेई. मैत्री असावी तर अशी, असं हेमाताई चारचौघींत सांगत.

ती मैत्री नव्हती, प्रेम होतं, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. श्रियाला ते आईला सांगायचं होतं. दोन वर्षांत तिने कितीतरी वेळा तोंड उघडलं आणि दर वेळी 'आमटीत मीठ कमी आहे' असलं काहीतरी बोलून मिटलं. त्या काळात टिपणिसांची आमटी विनाकारण खारट होत गेली. आई ओरडेल याची श्रियाला भीती नव्हती. आई गप्प होईल आणि मग पुन्हा कधी पूर्वीसारखी बोलणार नाही, या विचाराने तिचा जीव अर्धा होई.

हेमाताईंना इतकंच दिसत होतं, की या दोघी एकमेकींशिवाय राहू शकत नाहीत. मग लग्नं झाल्यावर ताटातूट व्हायची, त्याचं काय? त्यावर त्यांनी तोडगा काढला होता. दोन सख्खे भाऊ शोधायचे. थोरल्याला श्रिया, धाकट्याला संचिता. जावा-जावा होऊन जन्मभर एका स्वयंपाकघरात राहतील. आणि देवाच्या कृपेने असे भाऊ सापडलेही होते. मालनताईंची धाकटी बहीण जागृती डोंबिवलीला राहायची, तिचे ऋतुराज आणि स्वानंद.

"असं करू," हेमाताई मालनताईंना म्हणाल्या, "वाण म्हणून मी सिनेमाच लुटते. बुधवारचा दुपारचा शो. जागृतीला पण बोलवा. अंधारात शेजारी बसून मुली बघून होतील. पोहे नकोत, साडी नको."

"अंधारात काय डोंबल दिसणार?" मालनताई म्हणाल्या. पण सिनेमा वाण म्हणून कुणी लुटल्याचं त्यांनी ऐकलं नव्हतं, त्यामुळे नाव कसं ठेवायचं हे त्यांना पटकन सुचेना, आणि त्या हो म्हणाल्या.

तिकिटं काढायचं काम आनंदरावांकडे, म्हणजे हेमाताईंच्या यजमानांकडे आलं. ते फोनवर पोस्टर निरखत बसले.

"अगं, नवरे कुठेयत यात?"

"असतील मागे. नीट बघा."

आनंदरावांनी दोन बोटांनी चित्र मोठं केलं. "हा एक सापडला. पण याच्या हातात झारा आहे."

"आचारी असेल तो."

"आणि हा फेटेवाला? घोड्याला धरून उभा आहे."

"म्हणजे घोडेवाला. अहो, लग्नात नवरदेवाकडे कोण बघतं? आपल्या लग्नातला तुमचा एक तरी फोटो धड आहे का?"

हा मुद्दा बिनतोड होता. आनंदरावांनी पंचवीस तिकिटं काढली, त्यांचे कागदही छापून आणले. हेमाताईंनी एकेक कागद पाकिटात घातला, वर हळदीकुंकवाचं बोट ओढलं, सोबत तिळाच्या दोन वड्या ठेवल्या. त्यातलं एक पाकीट श्रियाने संध्याकाळी कामावरून आल्यावर सहज उघडलं आणि ती मटकन खुर्चीत बसली. सिनेमाची गोष्ट तिच्या वयाच्या सगळ्यांना ठाऊक होती. लग्न ठरलेली एक मुलगी आणि त्याच लग्नाचं जेवण करणारी दुसरी, आणि दोघींचं एकमेकींवर बसलेलं प्रेम. संचिताबरोबर तो चोरून बघायचा बेतही तिने आखला होता.

"आई," पाकीट पुढे करत ती म्हणाली, "ही तिकिटं तू काढलीस?"

"बाबांनी. मी सांगितलं, त्यांनी काढली."

"तुला... तुला कळलं सगळं?"

मालनताईंनी जिन्यात तोंड उघडलं वाटतं, असं हेमाताईंना वाटलं. दोन भावांचं गुपित फुटलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

"आई आहे मी तुझी. तुझं आणि संचिताचं काय आहे ते मला दिसत नाही होय? एक दिवस करमत नाही तुम्हाला एकमेकींवाचून. म्हणून म्हटलं, होऊ दे एकदाचं."

"आणि बाबा?"

"ते खूश आहेत. हॉल एकच लागेल म्हणाले."

"पण आख्ख्या मंडळासमोर, आई?"

"मग? आपण काय चोरी करतोय?"

श्रिया उठली आणि आईच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडायला लागली. "थँक यू, आई. मी किती घाबरलेली माहितीये? मला वाटलेलं, तू बोलणंच सोडशील माझ्याशी." हेमाताई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. एक स्थळ काढलं म्हणून मुलीने एवढं कृतज्ञ व्हावं! हल्लीच्या मुली उगाच बदनाम आहेत, असं त्यांनी रात्री आनंदरावांना सांगितलंही.

आता श्रियाने हे संचिताला कळवलं नसतं, तर प्रकरण वर्तकनगरातच मिटलं असतं. पण तिने रडत रडतच फोन केला, आणि संचिता म्हणजे मोजमाप घेऊन खुंटी ठोकणारी मुलगी. तिने त्याच संध्याकाळी आंबिवलीच्या घरात, आई भाकऱ्या करत असताना, सरळ सांगून टाकलं. तव्यावरची भाकरी जळून धूर निघाला तरी कलावतीबाईंनी ती उलटली नाही. दाराशी बसलेले संचिताचे वडील दगडूशेठ वर्तमानपत्र उलटं धरून वाचत राहिले.

"टिपणीसबाईंना ठावं हाय हे?" शेवटी कलावतीबाईंनी विचारलं.

"ठाऊक काय! त्यांनी आख्ख्या महिला मंडळाला पिक्चर दाखवायला काढलंय, आई. तुलापण बोलावलंय."

"सगळ्या बायांसमोर?"

"हो."

कलावतीबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. दगडूशेठनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "शिकली-सवरली माणसं हायत ती," ते म्हणाले, "इचार करूनच केलं आसंल."

विचार तेवढा कुणी केला नव्हता. पण बुधवारी दुपारी कलावतीबाई ठाण्याच्या थिएटरात हजर झाल्या त्या ठेवणीतलं लुगडं नेसून, पिशवीत श्रियाच्या ओटीसाठी नारळ, खण आणि हिरवी साडी घेऊन. सुरक्षारक्षकाने नारळ बाहेर ठेवायला सांगितला तेव्हा त्यांनी त्याच्याशी पाच मिनिटं वाद घातला आणि नारळासकट आत आल्या. हेमाताईंना वाटलं, दोन भावांची बातमी आंबिवलीपर्यंत पोचलेली दिसते. बाई हौशी आहेत.

बसायची व्यवस्था हेमाताईंनी लढाईच्या नकाशासारखी आखली होती. मध्ये स्वतः, डावीकडे कलावतीबाई, उजवीकडे मालनताई आणि पलीकडे जागृती. मुली बरोबर पुढच्या रांगेत, म्हणजे मागून नीट दिसाव्यात. बाकीच्या बायका आजूबाजूला पसरल्या. दिवे गेले, सिनेमा सुरू झाला.

पहिला अर्धा तास फार सुखाचा गेला. सुपारी फुटली, याद्या झाल्या, पत्रिकेत आजेसासऱ्यांचं नाव राहिलं म्हणून आत्या रुसली. बायका पोट धरून हसत होत्या. नवरी आणि जेवणाचं कंत्राट घेतलेली ती दुसरी मुलगी मसालेभात चाखता चाखता भांडत होत्या, तेही गोड वाटत होतं. मग मालनताई कानाशी आल्या.

"हेमा, नवरे कधी येणार?"

"येतील हो. प्रवासात असतील."

"एकाचं तरी तोंड दाखवायला नको का? चाळीस मिनिटं झाली."

तेवढ्यात पडद्यावर स्वयंपाकाच्या चुलीशी त्या दोघीच उरल्या. नवरी म्हणाली, "माझं लग्न मोडलं तर तुझी ऑर्डर जाईल." दुसरी म्हणाली, "जाऊ दे." आणि तिने नवरीच्या गालाला लागलेलं पीठ पुसलं. पुसून झाल्यावरही हात तिथेच ठेवला. पंचवीस बायकांच्या तोंडातला तीळगूळ जागच्या जागी थांबला.

नवरे येणार नव्हते. हेमाताईंना ते कळायला दोन क्षण लागले. पडद्यावरून नजर वळवावी म्हणून त्यांनी खाली पाहिलं, तर पुढच्या रांगेत श्रियाचं डोकं संचिताच्या त्या बऱ्या झालेल्या खांद्यावर टेकलेलं होतं आणि दोघींचे हात एकमेकींत गुंतलेले होते. श्रियाने मागे वळून आईकडे बघितलं आणि ओल्या डोळ्यांनी हसली. हेमाताईही हसल्या, कारण दुसरं काय करावं ते त्यांना सुचलं नाही. 'तुला कळलं सगळं?' 'आई आहे मी तुझी.' तो सगळा संवाद त्यांच्या कानात पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

इंटरव्हल झाला. हेमाताई सगळ्यांच्या आधी बाहेर पडल्या आणि एका खांबाआड जाऊन आनंदरावांना फोन लावला.

"अहो, त्या पोस्टरवर नवरे नव्हतेच!"

"तेच तर मी म्हणत होतो."

"त्या दोघींचं एकमेकींशीच आहे. सिनेमात. आणि..." त्यांनी खांबाआडून पॉपकॉर्नच्या रांगेकडे पाहिलं. "आणि आपल्या घरी पण."

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. मग आनंदराव सावकाश म्हणाले, "म्हणजे संचिता?"

"हो."

"आपणच दर रविवारी जेवायला वाढलं की गं तिला."

"आता काय करू मी?"

"श्रिया कशी आहे?"

"पॉपकॉर्नच्या रांगेत उभी आहे. इतकी आनंदात आहे की बघवत नाही."

"मग मला तरी त्यात मोडण्यासारखं काही दिसत नाही, हेमा," आनंदराव म्हणाले.

मनात उभारलेला मांडव उतरवायला माणसाला वेळ लागतो. हेमाताईंना पंधरा मिनिटं मिळाली होती, त्यातली चार संपली होती. नातेवाईक काय म्हणतील याची भीती वाटली, जावांच्या त्या स्वयंपाकघराचं वाईट वाटलं. पण सगळ्यात जास्त वाटली ती लाज. पोटची पोर दोन वर्षं एकटी घाबरत राहिली, आणि परवा गळ्यात पडून रडली ती आपण न केलेल्या गोष्टीसाठी. तिला आपण फक्त थोपटलं, तेही दुसऱ्याच कशासाठी. आत्ता जाऊन खरं सांगावं, असं त्यांच्या मनात आलं. त्या वळल्या तर समोर पिशवी छातीशी धरून कलावतीबाई.

"हेमाताई, तुमचे पाय धरायला आले मी," म्हणत त्या वाकल्याच.

"अहो, काय हे! उठा आधी."

"न्हाई, बोलू द्या मला. पोरीनं सांगितलं तवा माझ्या हातात तापलेलं उलथनं होतं. तुमचं नाव निघालं नसतं, तर मी काय केलं असतं त्याचं माझं मलाच भ्या वाटतंय. तुम्ही एवढ्या मोठ्या मनानं सगळ्यांसमोर घेतलंत, मग मी कोण? माझी पोरगी माझ्या घरात ऱ्हायली, ती तुमच्यामुळं."

त्या रडत होत्या. हेमाताईंनी 'मला काही माहीत नव्हतं' हे वाक्य ओठांपर्यंत आणलं, त्या ओल्या डोळ्यांकडे बघितलं, आणि गिळलं. सांगितलं असतं तर आंबिवलीतलं उलथनं पुन्हा तापलं असतं.

तेवढ्यात मालनताई आणि जागृती येऊन ठेपल्या. मागोमाग निम्मं मंडळ.

"हेमाताई," जागृती फणकारली, "ताई म्हणाली, मुली दाखवायला बोलावलंय. हे काय दाखवताय तुम्ही आम्हाला?"

पॉपकॉर्नच्या रांगेतून श्रिया आणि संचिताने वळून पाहिलं. हेमाताईंना आयुष्यात चारचौघींत कधी मोठ्याने बोलता आलं नव्हतं. गाळणीच्या वेळीसुद्धा त्यांनी 'बदलून देते' म्हटलं होतं.

"मुलीच दाखवतेय," त्या म्हणाल्या. आवाज कापत होता, पण थांबला नाही. "त्या बघा, रांगेत उभ्या आहेत त्या दोघी. गुणी आहेत, कमावत्या आहेत. पण माफ करा, त्यांचं ठरलंय."

"कुणाशी?"

"एकमेकींशी."

काउंटरशी पोचलेल्या श्रियाच्या हातातला पॉपकॉर्नचा डबा कलंडला. जागृतीने तोंड उघडलं आणि मदतीसाठी मोठ्या बहिणीकडे पाहिलं. सगळं मंडळ मालनताईंकडे बघत होतं. आता जे नाव पडेल ते पुढची दहा वर्षं टिकणार होतं.

मालनताईंनी रांगेकडे पाहिलं, हेमाताईंकडे पाहिलं, पिशवीतून डोकावणाऱ्या नारळाकडे पाहिलं.

"जागृती," त्या म्हणाल्या, "तुझा ऋतुराज घोरतो, हे मी यांना सांगितलेलं नव्हतं. तेव्हा फार ताणू नकोस. चल आत."

"ताई, अगं पण..."

"मला काही पटलंय असं नाही. पण वाण अर्धं टाकून उठायची आपल्यात रीत नाही. आणि ती पोरगी जेवणाची ऑर्डर सोडते की काय, ते मला बघायचंय."

तीन बायका इंटरव्हलनंतर परतल्या नाहीत. त्यांपैकी दोघींकडे खरंच पाणी यायची वेळ झाली होती. तिसरीचं अजून नक्की कळलेलं नाही. बाकीच्यांनी सिनेमा शेवटपर्यंत पाहिला. शेवटी त्या दोघींसाठी मांडव घातला गेला तेव्हा डोळे पुसणाऱ्यांत जागृतीही होती, पण ती म्हणाली एसीमुळे पाणी येतंय.

संध्याकाळी घरी हळदीकुंकू झालं, कलावतीबाईंनी श्रियाची ओटी भरली, आनंदरावांनी संचिताला दोन वेळा तीळगूळ दिला. सगळी पांगल्यावर हेमाताई कप विसळायला लागल्या. श्रिया शेजारी फडकं घेऊन उभी राहिली.

"श्रिया, मला तुला एक सांगायचंय." हेमाताईंनी नळ बंद केला. "मला काही माहीत नव्हतं गं. अगदी काही नाही. मला वाटलं, तो दोन बहिणींच्या लग्नाचा सिनेमा आहे."

श्रियाला कळेना. "पण तू म्हणालीस, तुमचं काय आहे ते मला दिसतं."

"मला तुम्ही जावा-जावा दिसत होतात. ऋतुराज आणि स्वानंद. जागृती त्यासाठीच आली होती."

श्रियाने कप ओट्यावर ठेवला. आधी तिचा चेहरा पडला, मग तिला हसू फुटायला लागलं, आणि मग ती ओट्याला धरून हसत खाली बसली. हसता हसता डोळे भरले. "म्हणजे मी तुझ्या गळ्यात पडून रडले तेव्हा..."

"तेव्हा मी हॉलचा विचार करत होते. चुकलंच माझं. दोन वर्षं तू समोर होतीस आणि मला दिसलं नाही."

"संचिताच्या आईला सांगितलंस का हे?"

"वेडी आहेस का? आंबिवलीत माझं केवढं नाव झालंय. आणि तूही सांगायचं नाहीस."

श्रियाने नाक पुसलं. "मग मी तुझे आभार मानलेले त्याचं काय करायचं? परत घेऊ?"

हेमाताईंनी जरा विचार केला.

"इंटरव्हलच्या आधीचे घे," त्या म्हणाल्या. "नंतरचे माझे आहेत."

श्रिया उठली आणि तिने ओल्या हातांसकट आईला मिठी मारली. या वेळी ती कशाबद्दल आहे, ते हेमाताईंना नीट माहीत होतं.